आपत्कालीन स्थिती, शस्त्र बाळगण्याचा हक्क आणि नागरिकांचा विधिमंडळाकडील पाठपुरावा : अमेरिकेतील राज्य-कायद्यांचा एक अभ्यास

सारांश

नैसर्गिक आपत्तीच्या काळात शासनाला असाधारण अधिकार द्यावे लागतात. परंतु त्या अधिकारांची मर्यादा कोणती, हा प्रश्न प्रत्येक लोकशाहीसमोर उभा असतो. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर हा प्रश्न नागरिकांच्या शस्त्रांच्या संदर्भात तीव्रतेने पुढे आला. आपत्कालात कायदेशीर शस्त्रे जप्त करता येऊ नयेत, यासाठी नागरिकांनी राज्य विधिमंडळांकडे पाठपुरावा केला आणि अनेक राज्यांत तसे कायदे झाले. प्रस्तुत लेखात या कायद्यांची पार्श्वभूमी, त्यांमागील लोकदबावाची कार्यपद्धती, कायद्यांचे स्वरूप आणि त्यांवरील आक्षेप यांचा परामर्श घेतला आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : आपत्कालीन अधिकार, शस्त्रहक्क, राज्य विधिमंडळ, लॉबिंग, कॅटरिना.

१. प्रस्तावना

'आणीबाणी' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाला १९७५ ते १९७७ हा कालखंड आठवतो. प्रस्तुत विषयातील आपत्कालीन स्थिती मात्र निराळी आहे. अमेरिकेत वादळ, पूर, हिमवृष्टी, दंगल किंवा साथरोग उद्भवल्यास राज्याचा गव्हर्नर, आणि पुष्कळ ठिकाणी शहराचा महापौरही, मर्यादित काळासाठी आपत्कालीन स्थिती घोषित करू शकतो. या घोषणेमुळे संचारबंदी, स्थलांतराचे आदेश, मद्यविक्रीवर बंदी असे अधिकार त्याला प्राप्त होतात. यांपैकी बरेच कायदे १९६० च्या दशकातील दंगलींच्या किंवा शीतयुद्धाच्या छायेत तयार झाले होते. त्यामुळे मद्य आणि स्फोटके यांच्या जोडीला बंदुकांचाही उल्लेख त्यांत सहजपणे आलेला दिसतो. त्या एका शब्दाचा परिणाम काय होऊ शकतो, याची जाणीव बहुसंख्य नागरिकांना २००५ पर्यंत नव्हती.

२. न्यू ऑर्लिन्समधील घटनाक्रम

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले. संरक्षक बंधारे फुटल्याने न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वीज, दूरध्वनी आणि पोलीस यंत्रणा कोलमडली. लुटालुटीच्या खऱ्या-खोट्या बातम्या पसरल्या. ८ सप्टेंबर रोजी शहराचे पोलीस प्रमुख एडी कॉम्पास यांनी जाहीर केले की, यापुढे केवळ कायदा-सुव्यवस्था यंत्रणेकडेच शस्त्रे राहतील व इतरांची काढून घेतली जातील. त्यानंतर स्थानिक पोलीस, इतर राज्यांतून आलेली पोलीस पथके आणि नॅशनल गार्डचे जवान यांनी घरोघरी फिरून शस्त्रे ताब्यात घेतली. जप्त शस्त्रांची संख्या हजाराच्या घरात गेली. पुष्कळ प्रकरणांत पावतीही दिली गेली नाही. धनिकांनी व व्यापाऱ्यांनी नेमलेल्या खासगी सुरक्षारक्षकांना मात्र ही मनाई लागू झालेली दिसत नव्हती, असे तत्कालीन वृत्तपत्रांनी नोंदविले. स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या एका वृद्ध महिलेला पोलिसांनी खाली पाडून तिचे पिस्तूल काढून घेतल्याचे दृश्य दूरचित्रवाणीवर दाखविले गेले. पुढील काळात कायद्याची मागणी करणाऱ्यांनी हेच दृश्य वारंवार लोकांपुढे ठेवले.

२२ सप्टेंबर २००५ रोजी नॅशनल रायफल असोसिएशन व सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन या संघटनांनी संघीय जिल्हा न्यायालयात दाद मागितली. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने जप्तीस तात्पुरती मनाई केली. तरीही आपल्या ताब्यात अशी शस्त्रेच नाहीत, अशी भूमिका शहर प्रशासनाने सुरुवातीस घेतली. न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज दाखल झाल्यानंतर, मार्च २००६ मध्ये, सुमारे एक हजार शस्त्रे आपल्याकडे असल्याचे प्रशासनाने मान्य केले. हा वाद २००८ मध्ये तडजोडीने मिटला.

या ठिकाणी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकन राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ पासून अस्तित्वात असली, तरी शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 'हेलर' खटल्यात २००८ मध्ये दिला आणि तो हक्क राज्यांवरही बंधनकारक असल्याचे 'मॅक्डोनल्ड' खटल्यात २०१० मध्ये सांगितले. म्हणजेच २००५-०६ मध्ये शस्त्रधारक नागरिकांना न्यायालयावर पूर्णपणे विसंबून राहणे शक्य नव्हते. त्यामुळे त्यांनी विधिमंडळाचा मार्ग स्वीकारला.

३. विधेयक ते कायदा

लुइझियानाच्या प्रतिनिधिगृहाचे तत्कालीन सदस्य स्टीव्ह स्कॅलिस यांनी २००६ च्या अधिवेशनात विधेयक क्रमांक ७६० मांडले. दोन्ही सभागृहांच्या मंजुरीनंतर गव्हर्नर कॅथलीन ब्लांको यांनी त्याच वर्षी जून महिन्यात त्यावर स्वाक्षरी केली. विधेयक मांडणारा सदस्य रिपब्लिकन आणि स्वाक्षरी करणारी गव्हर्नर डेमोक्रॅट, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. या कायद्याचे सार दोन वाक्यांत सांगता येते. आपत्कालीन अधिकारांच्या आधारे कायदेशीररीत्या बाळगलेले शस्त्र जप्त करता येणार नाही. मात्र अधिकाऱ्याला स्वतःच्या किंवा इतरांच्या संरक्षणासाठी तातडीने आवश्यक वाटल्यास तो व्यक्तीस तात्पुरते निःशस्त्र करू शकेल, आणि अटक किंवा पुरावा म्हणून जप्ती करावयाची नसल्यास त्या व्यक्तीस सोडण्यापूर्वी ते शस्त्र परत करेल.

संघीय पातळीवरही असेच प्रयत्न झाले. लुइझियानाचे सिनेटर डेव्हिड व्हिटर यांची दुरुस्ती जुलै २००६ मध्ये सिनेटने ८४ विरुद्ध १६ मतांनी स्वीकारली. प्रतिनिधिगृहात या आशयाचे विधेयक भारतीय वंशाचे सदस्य बॉबी जिंदाल यांनी मांडले होते. ऑक्टोबर २००६ मध्ये या तरतुदीला कायद्याचे रूप मिळाले. तथापि ही तरतूद प्रामुख्याने संघीय अधिकाऱ्यांना आणि आपत्तिनिवारणात संघीय निधी वा नियंत्रणाखाली काम करणाऱ्यांना लागू होते. बचाव-वाहनात प्रवेश देताना शस्त्र तात्पुरते जमा करून घेण्याची मुभा तिच्यात आहे. प्रवास संपताच ते परत करावे लागते. महापौर किंवा गव्हर्नर यांच्या स्वतंत्र आदेशांना आवर घालण्यासाठी राज्य-कायद्यांची गरज त्यामुळे उरलीच.

४. नागरिकांच्या पाठपुराव्याची कार्यपद्धती

'लॉबिंग' हा शब्द उच्चारताच गलेलठ्ठ मानधन घेणारा मध्यस्थ डोळ्यांसमोर येतो. तसे मध्यस्थ या क्षेत्रातही आहेत, आणि नॅशनल रायफल असोसिएशनसारख्या संघटनेचे आर्थिक बळ दुर्लक्षिता येत नाही. परंतु विनामोबदला आपल्या प्रतिनिधीला गाठणारा सामान्य नागरिक हाही लॉबिंगचाच घटक आहे. शासनाकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क पहिल्या घटनादुरुस्तीतच अंतर्भूत आहे.

राज्य विधिमंडळाच्या पातळीवर हा मार्ग अधिक परिणामकारक ठरतो. त्याची कारणे रचनेत आहेत. बहुतेक राज्यांचे विधिमंडळ वर्षातील काही महिनेच चालते. सदस्यांचा मतदारसंघ लहान असतो, त्यांच्या हाताखाली कर्मचारी थोडे असतात आणि अनेकांचा मूळ व्यवसाय वेगळाच असतो. न्यू हॅम्पशायरचे प्रतिनिधिगृह ४०० सदस्यांचे आहे. सदस्यांना वर्षाला अवघे १०० डॉलर मानधन मिळते आणि तेथे प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते. अशा व्यवस्थेत शेजारच्या गल्लीतील माणसाचे पत्र वाचल्याशिवाय राहत नाही.

या पाठपुराव्याचे टप्पे साधारणतः पुढीलप्रमाणे आढळतात. प्रथम, विधेयकाचा क्रमांक व त्यातील नेमकी तरतूद समजून घेणे. दुसरे, विधेयक ज्या समितीकडे गेले आहे त्या समितीच्या सदस्यांशी संपर्क साधणे; कारण बहुसंख्य विधेयके सभागृहापर्यंत न पोहोचता समितीतच संपतात. तिसरे, जाहीर सुनावणीत थोडक्या वेळात आपली बाजू मांडणे. चौथे, पोलीस व शेरीफ यांच्या संघटनांचे आक्षेप ऐकून मसुद्यात तडजोड स्वीकारणे. पाचवे, गव्हर्नरच्या स्वाक्षरीपर्यंत पाठपुरावा चालू ठेवणे.

तडजोडीच्या टप्प्याचे महत्त्व फ्लोरिडाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सक्तीच्या स्थलांतराच्या वेळी परवाना नसलेल्या, परंतु शस्त्र बाळगण्यास कायद्याने पात्र असलेल्या व्यक्तीला आपले शस्त्र झाकून सोबत नेता यावे, यासाठीचा प्रयत्न २०१४ मध्ये अयशस्वी झाला. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ही सवलत स्थलांतराच्या आदेशानंतरच्या ४८ तासांपुरती मर्यादित होती. टेक्सासने २०१७ च्या हार्वी चक्रीवादळानंतर, २०१९ मध्ये, अशीच तरतूद केली. तेथे मुदत १६८ तासांची आहे. घर सोडून जाणाऱ्याने शस्त्र मागे ठेवल्यास ते चोराच्या हाती लागेल आणि सोबत नेल्यास तो स्वतःच गुन्हेगार ठरेल, असा पेच मांडल्यामुळे ही मागणी इतर सदस्यांनाही समजण्याजोगी झाली.

५. न्यायालये व नंतरचे प्रसंग

जेथे कायदा बदलला नव्हता, तेथे प्रश्न न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील किंग या छोट्या शहरात हिमवादळामुळे आपत्कालीन स्थिती घोषित झाली आणि वाहनातून शस्त्र नेण्यावरही बंदी आली. लुटालूट नव्हती, दंगल नव्हती. केवळ बर्फ पडले होते. 'बेटमन विरुद्ध पर्ड्यू' या खटल्यात संघीय जिल्हा न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये संबंधित तरतुदी वादींच्या बाबतीत घटनाबाह्य ठरविल्या.

२०२० च्या कोविड साथीने प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता घरातील शस्त्र कोणी नेत नव्हते, परंतु शस्त्रांची दुकाने 'अत्यावश्यक' आहेत काय, हा वाद निर्माण झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये बंद करण्यात आलेली दुकाने मे २०२० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने अटींसह उघडली. टेक्सासने २०२१ मध्ये कायदा करून आपत्तीच्या काळात शस्त्रविक्री रोखण्याचा अधिकार कमी केला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम यांनी बंदुकीच्या हिंसाचारालाच सार्वजनिक आरोग्याची आपत्ती मानून अल्बुकर्की परिसरात शस्त्र घेऊन फिरण्यास स्थगिती दिली. काही दिवसांतच संघीय न्यायालयाने ती रोखली.

या इतिहासातील एक प्रसंग विशेष बोलका आहे. २० जानेवारी २०२० रोजी व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंड येथे, शस्त्रहक्क समर्थकांचा वार्षिक 'लॉबी दिन' होता. हिंसाचाराच्या शक्यतेमुळे गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी आपत्कालीन स्थिती घोषित करून विधिमंडळाच्या आवारात शस्त्रबंदी केली. आपत्कालात शस्त्रहक्क मर्यादित करता येत नाही, असे सांगणारा राज्य-कायदा संघटनांनी पुढे केला. पण राज्याच्या न्यायालयांनी आदेशास स्थगिती दिली नाही. सुमारे २२ हजार लोक जमले आणि दिवस शांततेत पार पडला. कायदा पुस्तकात असणे आणि ऐनवेळी तो लागू पडणे यांत अंतर असते, हे यावरून दिसून येते.

६. आक्षेपांचा विचार

या कायद्यांच्या विरोधकांचे म्हणणेही तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे. अंधाऱ्या, पाण्याने वेढलेल्या शहरात समोरचा सशस्त्र माणूस रक्षक आहे की लुटारू, हे मदतपथकाला ओळखता येत नाही. गर्दीच्या निवारा-केंद्रात शस्त्र असणे धोक्याचे असते. तणावाच्या काळात घरगुती हिंसा व आत्महत्या यांचा धोकाही विचारात घ्यावा लागतो.

न्यू ऑर्लिन्सचा अनुभव दोन्ही पक्षांना अस्वस्थ करणारा आहे. ४ सप्टेंबर २००५ रोजी डॅन्झिगर पुलावर पोलिसांनीच निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या. दोघे ठार व चौघे जखमी झाले. केवळ शासनाच्या हाती शस्त्रे असली म्हणजे नागरिक सुरक्षित राहतो, हे गृहीतक तेथे कोसळले. त्याच दिवसांत अल्जियर्स पॉइंट या वस्तीत स्वतःला रक्षक म्हणविणाऱ्या गोऱ्या रहिवाशांनी कृष्णवर्णीय वाटसरूंवर गोळीबार केला. सशस्त्र शेजारी म्हणजे सुरक्षितता, हे गृहीतकही तेथे टिकले नाही. जप्तीविरोधी कायदा पहिल्या प्रश्नाचे अंशतः उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर त्याच्याकडे नाही.

७. भारतीय संदर्भ

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीसाठी परवाना लागतो. सणासुदीच्या वा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये निघणारे शस्त्रबंदीचे आदेश आपल्या वाचकांना परिचित आहेत. त्यांत लाठीपासून बंदुकीपर्यंत सर्वांचा समावेश असतो. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेतली जातात व त्यासाठी जिल्हास्तरीय छाननी समिती प्रकरणे तपासते. हक्काचे स्वरूप दोन्ही देशांत भिन्न असल्याने अमेरिकन कायदा येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु सरसकट आदेश की व्यक्तीनिहाय निर्णय, ताब्यात घेतलेल्या वस्तूची पावती आणि ती परत मिळण्याची निश्चित मुदत, हे प्रश्न दोन्हीकडे समान आहेत.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. आपत्कालीन अधिकारांची मर्यादा आपत्ती येण्यापूर्वी ठरवावी लागते. पूर आल्यानंतर ती ठरविण्यास कोणालाही सवड नसते. या कायद्यांना यश मिळाले ते शस्त्रांच्या गौरवामुळे नव्हे, तर तात्पुरते निःशस्त्र करणे, वाहनात प्रवेश, तासांची मुदत असे अपवाद स्पष्टपणे लिहिल्यामुळे. तसेच राज्य विधिमंडळ ही संस्था नागरिकाच्या आवाक्यात असल्यास साधे पत्र व अल्पकाळाची साक्षही कायदा घडवू शकते. हा मार्ग शस्त्रहक्काच्या समर्थकांना जितका खुला आहे, तितकाच त्याच्या विरोधकांनाही आहे. आपत्कालात शासनाने काय घ्यावे व काय परत करावे, याचा निर्णय सुनावणीच्या दालनात, सर्वांसमक्ष, शांततेच्या काळात व्हावा, हेच या अभ्यासाचे प्रतिपादन होय.