ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : तेलाचे यंत्र

गिअरची सायकल चढावर नेताना मुले गिअर बदलतात. पायडल जास्त वेळा मारावे लागते, पण ते हलके जाते. मोटारीच्या इंजिनापुढेही हीच अडचण असते. मिनिटाला पाचसहाशे फेऱ्यांच्या खाली ते नीट चालत नाही, आणि गाडी तर शून्य वेगापासून हलवायची असते. इंजिन आणि चाके यांचा मेळ घालणारी पेटी म्हणजे गिअरबॉक्स.

आपल्याकडच्या अॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत हा मेळ चालकाचा डावा पाय आणि डावा हात घालीत असे. अमेरिकेत मात्र हे काम त्याआधीच यंत्राकडे गेले होते. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ आणि १९५० सालच्या शेव्हरोले गाड्यांत ‘पॉवरग्लाइड’ हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आले. अमेरिकी मोटारी मुंबईला नव्या नव्हत्या. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ ते १९५४ या काळात चालला. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. पण रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या साध्या गिअरच्या असल्यामुळे मेकॅनिकांचा हातही त्यांवरच बसला. ऑटोमॅटिक बिघडला की तो काढून साधा गिअरबॉक्स बसवणे सोपे वाटते. असे केल्याने गाडी चालते, पण तिचे मूळ रूप जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी पहिल्या नोंदणीनंतर ५० वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांनाच मिळते. म्हणून जुना ऑटोमॅटिक चालता ठेवणे हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

या गिअरबॉक्सचे गूढ वाटते ते त्याच्या आत डोकावले नाही म्हणून. शाळेतल्या तीन गोष्टी नीट समजल्या की तो समजतो, आणि त्याची निगा कशी राखायची हेही त्यातूनच निघते.

दोन पंख्यांची गोष्ट

टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. दुसऱ्याचा प्लग काढलेला असला तरी त्याची पाती हळूहळू फिरू लागतील. आता हवेच्या जागी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात जवळजवळ बसवा. इंजिनाने एक पंखा फिरवला की तेलाचा झोत दुसऱ्याला फिरवतो. दोहोंमध्ये लोखंडाचा सांधा नसल्यामुळे गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही.

जर्मन अभियंता हेर्मान फोटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी या कल्पनेचे पेटंट मिळवण्यास अर्ज केला. जहाजाचे वाफेचे टर्बाइन भरधाव फिरते आणि पाण्यातला पंखा मात्र सावकाश फिरावा लागतो, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने दोन चाकांच्या मध्ये वाकड्या पात्यांचे तिसरे चाक घातले. परत येणारे तेल या पात्यांवर आपटून योग्य दिशेला वळते आणि फिरवणाऱ्या चाकाला अडवण्याऐवजी मदत करते. यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. गाडी जागची हलताना तो इंजिनाचा टॉर्क सुमारे दुप्पट करतो. विद्यार्थी येथे हमखास विचारतील, ‘मग ऊर्जा कुठून आली?’ उत्तर तरफेसारखेच आहे. टॉर्क वाढतो तेव्हा फेऱ्या कमी होतात. शक्ती कधीच वाढत नाही; उलट तिचा काही भाग तेल तापवण्यात जातो. हा तापणारा भाग लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा आहे.

सूर्य आणि ग्रह

कन्व्हर्टरच्या मागे दातेरी चाकांची ग्रहमाला असते. मध्ये सूर्यचाक, त्याभोवती फिरणारी ग्रहचाके, ग्रहांना धरणारी चौकट, आणि सर्वांभोवती आतल्या बाजूला दाते असलेले कडे. या सूर्य, चौकट आणि कडे अशा तीन भागांपैकी एक अडवून धरला की दुसरा तिसऱ्याला ठरावीक प्रमाणात फिरवतो.

समजा, सूर्याला ३० दाते आणि कड्याला ७२ दाते आहेत. कडे अडवून सूर्य फिरवला तर चौकटीची एक फेरी होण्यासाठी सूर्याला १ + ७२/३० म्हणजे ३.४ फेऱ्या माराव्या लागतात. हा ताकदीचा गिअर झाला. चौकट अडवली तर कडे उलटे फिरते, म्हणजे रिव्हर्स मिळाला. कोणतेही दोन भाग एकत्र जखडले तर सगळी माला एकजीव फिरते आणि प्रमाण १ होते. दाते एकमेकांतून कधीच सुटत नाहीत. फक्त कोणाला अडवायचे एवढेच ठरवायचे असते. अडवण्यासाठी पोलादी पट्टा आवळतात किंवा क्लचच्या चकत्या दाबतात.

तेलाचा हिशेब

पट्टा कोण आवळतो? तेलाचा दाब. येथे पास्कलचा नियम लागू होतो. पंपाने चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाब दिला आणि पिस्टनचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असले, तर ७०० किलोग्रॅम म्हणजे सात क्विंटल वजनाइतके बल मिळते.

आणि केव्हा आवळायचा, हे कोण ठरवतो? जुन्या गिअरबॉक्समध्ये कोणतेही इलेक्ट्रॉनिक्स नाही. गव्हर्नर नावाच्या भागातील वजने चाकांच्या वेगाबरोबर फिरून बाहेर फेकली जातात आणि वेग वाढेल तसा तेलाचा एक दाब वाढवतात. दुसरा दाब अॅक्सिलरेटर किती दाबला आहे, म्हणजे इंजिनावर किती ओझे आहे, यावर अवलंबून असतो. हे दोन दाब एका छोट्या व्हॉल्व्हच्या दोन टोकांना भिडतात. वेगाचा दाब जिंकला की व्हॉल्व्ह सरकतो आणि वरचा गिअर पडतो. चढावर अॅक्सिलरेटर दाबलेला असतो, तेव्हा ओझ्याचा दाब त्याला रोखून धरतो आणि गिअर उशिरा बदलतो. तराजूसारखा हा हिशेब तेलानेच केलेला असतो.

काही गिअरबॉक्सना ओझ्याची खबर इंजिनातल्या निर्वाताकडून एका बारीक रबरी नळीने मिळते. नळीला चीर गेली तर गिअर उशिरा आणि धक्क्याने बदलतात. नळीच्या टोकाचा पडदा फाटला तर इंजिन गिअरबॉक्सचे तेल शोषते, सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो आणि तेल कुठेही न गळता कमी होत जाते. अशा वेळी नळी काढून आत तेलाचा ओलावा आहे का ते पाहावे. पेटी उघडण्याचा मोठा खर्च काही वेळा या एका तपासणीने टळतो.

अशी गाडी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सांभाळायची तर तेलाला तीन गोष्टींपासून जपावे लागते : उष्णता, पाणी आणि चुकीचे रबर.

उष्णता

कल्याण-बदलापूर रस्त्यावर गर्दीच्या वेळी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. गाडी ‘डी’मध्ये असून ब्रेकवर पाय असतो तेव्हा चाके फिरत नाहीत, म्हणजे कार्य शून्य. कन्व्हर्टरला मिळालेली सगळी शक्ती तेल तापवते. ही शक्ती २ किलोवॉट धरा. ९ लिटर तेलाचे वस्तुमान सुमारे ७.७ किलोग्रॅम आणि विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला सुमारे २ किलोज्यूल धरली, तर थंड होण्याची सोय नसल्यास तापमान मिनिटाला सात-आठ अंशांनी वाढेल. ब्रेक दाबून पूर्ण अॅक्सिलरेटर दिला आणि ६० किलोवॉट आत गेले, तर दर सेकंदाला जवळजवळ चार अंश! काही मेकॅनिक कन्व्हर्टर तपासण्यासाठी असे करतात. ते पाच सेकंदांपलीकडे कधीही करू नये.

सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे दर दहा-अकरा अंशांनी तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा एक ढोबळ नियम आहे. तापमानाबरोबर रासायनिक क्रियेचा वेग वाढतो, हे बारावीचे विद्यार्थी शिकतातच. म्हणून लांब थांबा असेल तर न्यूट्रल करावे. तेल बहुधा रेडिएटरमधल्या छोट्या नळीतून थंड होते, तेव्हा रेडिएटर गाळाने भरलेला नसावा.

पाणी

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसर पाण्याखाली गेला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारांवर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये डिपस्टिकच्या नळीतून किंवा हवेच्या छिद्रातून पाणी शिरते. तेल गुलाबी दुधासारखे दिसू लागते. क्लचच्या चकत्यांवरचे अस्तर कागदासारख्या तंतूंचे असून पोलादावर चिकटवलेले असते. ते पाणी शोषून फुगते, चिकट सुटते आणि पोलादाला गंज चढतो.

म्हणून पुरातून निघालेल्या ऑटोमॅटिक गाडीचे इंजिन ‘चालते का पाहू’ म्हणून सुरू करू नये. आधी तेल पाहावे. ते दुधाळ असेल तर सगळे काढावे. खालची तबकडी उघडून फक्त काही तेल निघते. बरेचसे कन्व्हर्टरमध्येच राहते. अनेक जुन्या कन्व्हर्टरना तेल काढण्याचा बोल्ट असतो, तो शोधावा. गाडी ओढून नेताना मागची चाके उचलावीत किंवा गाडी ट्रकवर चढवावी. इंजिन बंद असले की तेलाचा पुढचा पंपही बंद असतो. चाके मात्र आतले भाग कोरडे फिरवत राहतात. १९५० च्या दशकातल्या काही गिअरबॉक्सना मागेही एक पंप होता, त्यामुळे त्या गाड्या ढकलून सुरू होत. पुढे हा पंप गेला आणि ढकलण्याची सोयही गेली.

रबर आणि तेलाची जात

उल्हासनगरच्या लहान कारखान्यांची नावीन्यावर ‘यूएसए’चा शिक्का मारणारा विनोद सर्वांना ठाऊक आहे. त्यामागची कारागिरी मात्र खरी आहे. जुने गॅस्केट मापून कापणे किंवा लेथवर बुश बनवणे या पट्ट्यात अवघड नाही. अडचण रबराची असते. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते. नायट्राइल रबराचे रेणू ध्रुवीय असल्यामुळे ते तेल फारसे शोषत नाही. दिसायला दोन्ही काळी आणि सारखीच. सील विकत घेताना आकाराइतकीच रबराची जात विचारावी.

तेलाचीही जात असते. पूर्वी अशा तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत, कारण त्याने क्लच न कचकता पकड घेत. १९७० साली अमेरिकेने हा प्राणी धोक्यातल्या जातींच्या यादीत घातला आणि रसायनज्ञांना पर्याय शोधावे लागले. जनरल मोटर्सचे ‘डेक्स्रॉन’ तेल गुळगुळीत पकड देते, तर जुन्या फोर्ड गाड्यांना लागणारे ‘टाइप एफ’ घट्ट पकड देते. अदलाबदल झाली तर एका गाडीत धक्के बसतात, दुसरीत क्लच घसरतात. तेव्हा गाडीचे पुस्तक सांगेल तेच तेल वापरावे.

पातळीही पुस्तकाप्रमाणेच पाहावी. बहुतेक गाड्यांत ती सपाट जागी, गिअरबॉक्स गरम आणि इंजिन चालू असताना पाहतात. तेल कमी असले तर पंप हवा ओढतो. जास्त असले तर चाके ते घुसळून फेस करतात. दोन्हींचा परिणाम एकच : तेलात हवा. हवा दाबली जाते, त्यामुळे दाब पोचत नाही आणि पट्टे घसरतात.

वर्गात काय करता येईल

दोन पंख्यांचा प्रयोग वर सांगितलाच आहे. सुया काढलेल्या दोन वेगळ्या जाडीच्या सिरिंज नळीने जोडून पाणी भरा आणि पास्कलचा नियम दाखवा. मग नळीत थोडी हवा जाऊ द्या. दट्ट्या मऊ लागेल आणि तेलातल्या हवेचा दोष हाताला कळेल. रबर बँड आणि नायट्राइलची रिंग गिअरबॉक्सच्या तेलात आठ दिवस ठेवा. आधी आणि नंतर दोन्हींचे वजन करा आणि नोंद ठेवा. ओळखीच्या गॅरेजमधून नवे आणि वापरलेले तेल मिळाले तर प्रत्येकी एक थेंब टिपकागदावर टाका. नवे तेल पारदर्शक लाल पसरते. जळलेल्या तेलाच्या मध्यभागी काळा डाग राहतो. हा डाग म्हणजे झिजलेल्या अस्तराची पूड. नवे तेल भरून ती परत चकतीवर बसत नाही, म्हणून तेल काळे होण्याआधी बदलायचे.