आंरी व्ह्यूताँ : वादक, रचनाकार आणि अध्यापक

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील व्हायोलिनवादनावर पागानिनीच्या चमत्कृतिपूर्ण शैलीचा मोठा पगडा होता. वादकाने आपले हस्तकौशल्य दाखविण्यासाठी कॉन्चेर्टो रचावा व वाद्यवृंदाने केवळ साथ धरावी, अशी रूढीच पडली होती. तिला छेद देणाऱ्यांमध्ये बेल्जियन वादक आंरी व्ह्यूताँ (१८२०-१८८१) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या वादनापेक्षा रचना व अध्यापन यांचा विशेषत्वाने विचार केला आहे.

व्हर्व्हिए या लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी एका विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील हौशी वादक होते. सहाव्या वर्षी पहिली जाहीर मैफल झाली. १८२९ पासून ब्रुसेल्समध्ये शार्ल द बेरिओ यांची तालीम मिळाली. १८३४ मध्ये व्हिएन्नात त्यांनी बेथोव्हनचा, त्याकाळी क्वचितच वाजविला जाणारा, व्हायोलिन कॉन्चेर्टो सादर केला; तेव्हा त्यांचे वय अवघे १४ होते. एवढी कीर्ती लाभूनही त्यांनी विद्यार्थीदशा सोडली नाही. व्हिएन्नात सिमोन सेख्टर व पुढे पॅरिसमध्ये आंतोन रायखा यांच्याकडे त्यांनी रचनाशास्त्राचे अध्ययन केले.

या अध्ययनाचे फळ चौथ्या कॉन्चेर्टोत दिसते. १८४६ ते १८५१ या काळात रशियात झारच्या पदरी असताना तो आकारास आला. तीनऐवजी चार भाग, प्रारंभी वाद्यवृंदाचे प्रदीर्घ निवेदन आणि तोपर्यंत मौन धारण करणारा एकलवादक, ही त्याची घडण सिंफनीच्या जवळ जाणारी आहे. बर्लिओझसारख्या रचनाकाराने तिचा गौरव केला. पाचवा कॉन्चेर्टो तर ब्रुसेल्स कॉन्झर्व्हेटरीच्या स्पर्धा-परीक्षेसाठी लिहिला गेला. परीक्षेसाठी निर्माण झालेले साहित्य परीक्षेबरोबरच विस्मृतीत जाते, हा अध्यापकांचा नित्याचा अनुभव. ही रचना मात्र आजही मैफलींत वाजविली जाते.

१८७१ मध्ये ते त्याच कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापक झाले. परंतु १८७३ मध्ये पक्षाघाताने एक हात निकामी झाला आणि वादन थांबले. जेथे गुरू वाजवून दाखवितो व शिष्य ऐकून उचलतो, तेथे ही हानी केवळ वैयक्तिक नव्हती. अध्यापनाचे मुख्य साधनच हातून गेले होते. त्यांचा वर्ग हेन्रिक व्हिएनियाव्हस्की यांच्याकडे सोपविण्यात आला. तरीही शिकविणे सुटले नाही. यूजीन इझाई यांना पॅरिसमध्ये त्यांचे मार्गदर्शन लाभले ते १८७६ नंतर, म्हणजे स्वतःला गज धरून काही दाखविणे अशक्य झाल्यावर. येनो हुबाय हेही याच उत्तरकाळातील शिष्य. इझाई यांनी आत्मसात केलेले बरेचसे गुरूच्या वादनातून नव्हे, तर त्याच्या श्रवणातून व रचनांतून आले असले पाहिजे.

६ जून १८८१ रोजी अल्जिरियात व्ह्यूताँ यांचे निधन झाले. व्हर्व्हिए येथील अंत्ययात्रेत त्यांचे व्हायोलिन इझाई यांनी वाहून नेले. १८८६ मध्ये इझाई ब्रुसेल्स कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापकपदी रुजू झाले.