सर्व्हर चालू होता, पण टपाल?

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी कळवणारा ईमेल मला मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मिळाला. चौकशी केली, तर उत्तर आले, "आमचा सर्व्हर चालूच होता." ते खरेही असेल. परंतु ईमेलच्या माथ्यावर वाटेतील प्रत्येक सर्व्हर आपली वेळ नोंदवतो. त्यावरून तो एकाच ठिकाणी एकोणीस तास पडून होता असे दिसले. पोस्टाचे दार उघडे असले म्हणजे पत्रे वाटली जातातच असे थोडेच आहे!

असा खोळंबा ओळखण्याची सोय मात्र जुनी आहे. जाळ्यातील यंत्रांची विचारपूस करण्यासाठी १९८८ साली 'एसएनएमपी' ही नियमावली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार सर्व्हरवर 'एजंट' नावाचा छोटा प्रोग्रॅम बसतो. व्यवस्थापक संगणक ठरावीक वेळाने त्याला आकडे विचारतो व एजंट ते सांगतो. कोणकोणते आकडे विचारता येतात, त्यांची यादी म्हणजे 'एमआयबी'. ईमेल सर्व्हरसाठी अशी खास यादी १९९४ साली निघाली. २००० साली ती सुधारण्यात आली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही यादी परकी वाटू नये. आलेले संदेश, पाठवलेले संदेश, शिल्लक संदेश असे तिच्यात रकाने आहेत. पहिले दोन आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासून वाढतच जातात. आत्ताच्या आकड्यातून मागचा वजा केला की मधल्या वेळेतील उलाढाल कळते. शिल्लक मात्र कमीजास्त होते. रोजकीर्दीसारखा ताळा येथे जुळेलच असे नाही. दहा जणांसाठीचा एकच संदेश आत एकदा येतो, पण बाहेर दहा वेळा जाऊ शकतो.

सर्वांत महत्त्वाचा रकाना निराळाच आहे: सर्वांत जुना संदेश किती वेळ पडून आहे? उधारी किती, यापेक्षा ती किती दिवसांची, हे दुकानदार आधी पाहतो, तसेच हे. शिल्लक पाचशे आणि सर्वांत जुना संदेश दोन मिनिटांचा, तर ती नुसती गर्दी. शिल्लक पाचच, पण जुना सहा तासांचा, तर कोठेतरी अडले आहे. कदाचित पलीकडच्या सर्व्हरवरही.

बिघाड होताच एजंट आपणहून इशाराही देऊ शकतो. त्याला 'ट्रॅप' म्हणतात. परंतु तो पोच न मागता टाकलेल्या साध्या पत्रासारखा असतो. वाटेत हरवला तरी कळत नाही. म्हणून इशारा आला नाही यावर समाधान न मानता विचारत राहावे लागते.

किती वेळ झाला की घंटा वाजवायची, हे अखेर माणसालाच ठरवावे लागते. मराठीत हिशोब म्हणा वा कन्नडात लेक्क, वही नुसती ठेवून चालत नाही, ती वेळेवर उघडावीही लागते. माझा अर्ज आता पुढच्या वर्षी.