फुकटच्या लाईटीचं गणित

निवडणूक जवळ आली की सरकारला शेतकऱ्याची मोटर आठवते. २००४ साली विधानसभेच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे सरकारने कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. विरोधातल्या शिवसेनेचंही आश्वासन तेच होतं! आघाडी जिंकली आणि २००५ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारने ती सवलत गुंडाळली. पुढे जुलै २०२४ मध्ये, पुन्हा विधानसभेच्या आधीच, साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांसाठी पाच वर्षांची ‘बळीराजा मोफत वीज योजना’ आली. लाभार्थी सुमारे ४४ लाख.

आता आपल्या पद्धतीने बघू. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. ५ एचपीची मोटर आठ तास चालली की साधारण ३० युनिट. त्याचे पैसे कोणीतरी भरतंच. वीज कायदा २००३ चं कलम ६५ म्हणतं, सवलत द्यायची तर सरकारने ती रक्कम वीज कंपनीला आगाऊ द्यावी. ती येते करांतून. शिवाय काही भार कारखाने नि दुकानांच्या चढ्या दरात आधीपासूनच दडलेला असतो.

पण खरी गंमत डीपीवर आहे. बिल नसलं किंवा एचपीवर ठरलेलं असलं, की जादा वापराला जादा पैसा पडत नाही. लाईट येते रात्री-अपरात्री, म्हणून ऑटो स्विच. लाईट आली रे आली की डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकदम चालू! व्होल्टेज पडतं, मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग जळतं. कपॅसिटर लावला तर सुधारेल, पण खर्च एकाचा अन् फायदा साऱ्या डीपीचा, मग लावतो कोण? रिवाइंडिंगचे पैसे मात्र ज्याच्या त्याच्या खिशातून जातात. यात शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. साप-विंचवाच्या अंधारात स्टार्टर दाबायला आपण तरी जाऊ का?

मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने धरतात. गळती आणि चोरीही त्यातच खपवली जाते, हा जाणकारांचा जुना आक्षेप.

आपल्या भूमकडे तर आणखी वेगळं. बालाघाटचा काळा पाषाण, पाऊस बेभरवशाचा. ज्याच्या विहिरीला पाणी त्यालाच मोफत वीज. कोरडवाहू ज्वारीवाल्याच्या वाट्याला काय? आणि पाणी दुप्पट खोल गेलं, की तेवढंच पाणी उपसायला ऊर्जाही दुप्पट लागते. म्हणजे सरकारचा खर्च वाढणार, विहिरी मात्र आटणार.

२०१७ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा लाईट देण्याचा आहे. जिथे ती पोचेल तिथे रात्रीचं जागरण टळेल. उपशाला मात्र तिथेही मोल नाहीच.