ब्लेरिओ ११ चं मॉडेल : तार कुठली, फोटो कुठला?

लुई ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी ज्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्याचं १:४८ मॉडेल तुम्ही करताय असं समजा. ७.८ मीटरचे पंख सव्वासोळा सेंटिमीटरवर येतात, हे सोपं. खरी गंमत तारांत आहे. या विमानाला एलेरॉन नाहीत, तोल सावरायला वैमानिक पंखच पिळायचा. म्हणून पंखाच्या पुढच्या दांडीच्या तारा नुसत्या आधाराच्या, मागच्या दांडीच्या मात्र पिळायच्या. दोन्ही सारख्याच चिकटवल्यात तर विमान वळतं कसं, हेच मॉडेलमधून पुसलं जातं.

फोटो निवडताना आधी इंजिन बघा. खाडी ओलांडणाऱ्या विमानाला तीन सिलिंडरचं अंझानी होतं; नंतरच्या कित्येक ब्लेरिओंना स्वतःच गरगर फिरणारं नोम. नोमवाला फोटो कितीही लख्ख असो, या विमानाचा पुरावा म्हणून चालणार नाही.