हार्पसिकॉर्डवाल्या झुझानाबाई

पियानो आपल्याला अगदीच परका नाही. सिनेमातल्या नायकापुढे तरी तो सर्वांनी पाहिलेला असतो! पण त्याचा थोरला चुलतभाऊ हार्पसिकॉर्ड? पेटी तशीच, पट्ट्याही तशाच, फरक पोटात. पियानोत हातोडी तारेवर पडते. इथे पिसाच्या देठाची बारीकशी नखी तार छेडते, आपला सतारिया छेडतो तशी. पट्टी हळू दाबा की जोराने, आवाज जवळजवळ तेवढाच. तेव्हा भाव आणायचा तो लयीतून आणि स्वर किती वेळ धरायचा यातून. पियानोचे राज्य आले आणि हे वाद्य माळ्यावर गेले. विसाव्या शतकात ते खाली उतरवणाऱ्यांत पोलंडच्या वांडा लांदोव्स्का अग्रणी.

या लांदोव्स्काबाईंकडे शिकायला जाण्याचे चेकोस्लोव्हाकियातल्या पिल्झेन गावच्या एका मुलीचे स्वप्न होते. झुझाना रुझिच्कोव्हा, जन्म १४ जानेवारी १९२७. नवव्या वर्षी न्यूमोनियातून उठल्यावर बक्षीस म्हणून पोरीने काय मागावे, तर पियानोची शिकवणी! बाखवरचा तिचा जीव पाहून शिक्षिकाबाईंनी हार्पसिकॉर्ड सुचवले. पण तोवर नाझी आले आणि ज्यू मुलीला शाळेचेही दार बंद झाले.

जानेवारी १९४२ मध्ये सारे कुटुंब तेरेझीनच्या छावणीत. वडील तिथेच वारले. डिसेंबर १९४३ मध्ये आउश्वित्झ. बाखची एक साराबांद कागदाच्या चिठोऱ्यावर उतरवून तिने ताईत जपावा तशी जवळ ठेवली होती. पुढे हाम्बुर्गला वेठबिगार, मग बेर्गेन-बेल्सेन. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश फौज पोचली तेव्हा मायलेकी जिवंत होत्या, एवढेच. अठरा वर्षांच्या त्या मुलीचे हात पाहून शिक्षिकाबाईंना रडू कोसळले.

तरीही पोरगी वाद्यापुढे बसली. दिवसाला बारा-बारा तास सराव! १९४७ मध्ये प्रागच्या संगीत अकादमीत प्रवेश मिळाला, आणि १९५६ मध्ये म्युनिचच्या स्पर्धेत, म्हणजे जर्मनांच्याच देशात, नाव झाले. बाख जर्मन म्हणून त्याच्याशी वैर धरावे, असे त्यांच्या मनाला कधी शिवले नाही. १९६५ ते १९७४ या काळात बाखच्या पट्टीवाद्यांसाठीच्या सगळ्या रचना त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्याच.

संगीतकार व्हिक्टर कालाबिस यांच्याशी १९५२ मध्ये लग्न झाले. नवराबायकोपैकी कुणीही कम्युनिस्ट पक्षात गेले नाही. परकीय चलन हवे म्हणून सरकार बाईंना परदेशी धाडी. मात्र अकादमीत वर्षानुवर्षे शिकवूनही प्राध्यापकपद मिळाले ते राजवट गडगडल्यावर, १९९० मध्ये. हा हिशेब कुणालाही कळण्याजोगा आहे. शिष्य मात्र लांबलांबून येत. इंग्लंडचे क्रिस्टोफर हॉगवुड त्यांतलेच.

२७ सप्टेंबर २०१७ रोजी बाई प्रागमध्ये वारल्या. उतारवयात त्यांच्याकडे धडे घ्यायला येणारा शिष्य होता तेहरानमध्ये जन्मलेला महान एस्फहानी.