शैवालाचा वास आणि प्रवाळाची पिल्लं

फिजीतल्या विती लेवू बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला ‘कोरल कोस्ट’ म्हणतात. तिथल्या वोतुआ, वातु-ओ-लाइलाइ आणि नमादा या गावांनी आपल्या समोरच्या उथळ समुद्राचा एकेक तुकडा मासेमारीला बंद ठेवला आहे. बंदीच्या भागात प्रवाळ दाट आहे, शैवाल जेमतेम 1 ते 3 टक्के. हद्दीपलीकडे, जिथे मासेमारी चालते, तिथे निम्म्याहून अधिक तळ शैवालाने झाकलेला. दोन्ही भाग अगदी शेजारी. मग प्रवाळाची नवी पिल्लं पलीकडे का रुजत नाहीत?

प्रवाळाची अळी मिलिमीटरभर लांबीची असते. काही दिवस ती पाण्यात फिरते, मग जागा निवडून चिकटते आणि जन्मभर तिथेच राहते. चुकीची निवड सुधारायची संधी नाही. म्हणून ती पाण्यातल्या रसायनांचा माग घेते. सगळीच शैवालं तिची वैरी नसतात. खडकावर लेपासारखं पसरणारं गुलाबी, चुनखडीयुक्त शैवाल तर तिला बोलावतं.

डॅनिएल डिक्सन, डेव्हिड अब्रेगो आणि मार्क हे यांनी या निवडीची परीक्षा घेतली. 2014 साली ‘सायन्स’मध्ये ती प्रसिद्ध झाली; 2022 मध्ये ‘सायन्स’ने तो शोधनिबंध मागे घेतला, त्यामुळे त्याचे निष्कर्ष आता पुरावा म्हणून धरता येत नाहीत. त्यात म्हटलं होतं की एकाच पन्हळीतून दोन ठिकाणचं पाणी शेजारी-शेजारी सोडलं: एक बंदीच्या भागातलं, दुसरं पलीकडचं. त्यांच्या म्हणण्यानुसार अळ्या बंदीच्या पाण्याकडे वळल्या. माशांच्या पिल्लांनीही तेच केलं. सरगॅसम भिजवलेल्या पाण्यापासून तर अळ्या दूर राहिल्या. (सरगॅसम म्हणजे आपल्या मालवणच्या खडकांवरही दिसणारं तपकिरी शैवाल.) थोडक्यात, शैवालाने व्यापलेला खडक पिल्लांना दुरूनच परतवतो, असा त्यांचा दावा होता.

शैवालाशेजारी जी पिल्लं रुजतात, त्यांच्या वाट्याला मात्र विष येतं. डग्लस रॅशर आणि मार्क हे यांनी फिजीत दाखवलं की काही शैवालांच्या अंगावर टर्पीन गटातली, तेलात विरघळणारी रसायनं असतात. ती पाण्यात फारशी पसरत नाहीत, घासूनच लागतात. लाटेबरोबर हलणारी शैवालाची पाती प्रवाळाला जिथे टेकते, नेमक्या तिथेच प्रवाळ पांढरं पडतं, शेजारची कातडी धडधाकट राहते. मोठ्या वसाहतीला असा डाग सोसवतो. काही मिलिमीटरच्या पिल्लाचं मात्र सगळं अंगच त्या डागात मावतं, आणि हीच यातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे.

शैवालाला आवर घालतात ते मासे. फिजीतल्या पाहणीत तिथलं जवळपास सगळं शैवाल फक्त चार जातींनी फस्त केलं. त्यातही वाटणी ठरलेली: तपकिरी शैवाल दोन युनिकॉर्न माशांचं, लाल पोपटमाशाचं, हिरवं रॅबिटफिशचं. यातला एखादा गट जाळ्यात संपला, तर त्याच्या वाट्याचं शैवाल खाणारं फारसं कुणी उरत नाही.

रोपवाटिकेत वाढवलेली प्रवाळाची कलमं मेलेल्या खडकांवर लावण्याच्या मोहिमा आज जगभर चालू आहेत. त्या जरूर चालाव्यात. पण जिथे शैवाल खाणारे मासेच उरलेले नाहीत, तिथे आधी मासेमारी आवरायला हवी, कलमं त्यानंतर.